टोका आणि तांबडा भुंगेरा



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मी माझा विषय कळवला तेव्हा ते थोडे गडबडले. कामगार संघटनेच्या माणसाने महागाई भत्त्यावर, बोनसवर, फार तर कामगार कायद्यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती वाजवीच होती. मी कीटकशास्त्र शिकलेला नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि गोदामात. परंतु हमाल, मापाडी, तोलणार, थापीवाले आणि पालावाल्या बाया यांच्यात तीस वर्षे काम करताना माझ्या असे ध्यानात आले, की धान्याच्या गोदामात आमच्या माणसांखेरीज आणखीही काही रहिवासी असतात, आणि त्यांनी केलेल्या नुकसानीचा जाब मात्र आमच्या माणसांना द्यावा लागतो. तेव्हा त्या रहिवाशांची माहिती करून घेणे मला भागच पडले. त्यांतल्या दोघांविषयी आज बोलतो.

पहिला टोका. कोणी त्याला पोरकिडा म्हणतात, कोणी सोंडा म्हणतात. शास्त्रीय नाव सिटोफिलस ओरायझी; ओरायझी म्हणजे तांदळाचा. १७६३ साली लिनियसने त्याला हे दुसरे नाव दिले, पण तो केवळ तांदळावर जगतो असे नाही. गहू, ज्वारी, मका, सगळे त्याला चालते. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, आणि भिंगातून पाहिले तर पाठीवर चार पिवळसर तांबूस ठिपके. ओळखायची मुख्य खूण म्हणजे त्याची सोंड. डास जशी सोंड खुपसून रस ओढतो तशी ही नव्हे. टोक्याच्या सोंडेच्या अगदी टोकाशी दोन बारीक जबडे असतात. सोंड म्हणजे त्याचा गिरमीट समजा.

दुसरा तांबडा भुंगेरा. पिठात, रव्यात, मैद्यात जो चपटा, तांबूस, चपळ किडा धावताना दिसतो तो हा. शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. लांबी टोक्याएवढीच, पण याला सोंड नाही. अंग चपटे आहे, आणि त्याला कारण आहे. याचे पूर्वज झाडांच्या सालीखाली राहणारे असावेत असे शास्त्रज्ञ मानतात. सालीच्या फटीऐवजी आता त्याला गोणपाटाची शिवण मिळाली, गिरणीच्या यंत्रातली फट मिळाली, डब्याच्या झाकणाची कड मिळाली. वस्ती बदलली, सवय बदलली नाही.

दोघांनाही आपण सरसकट 'किडे' म्हणतो. सूप घेऊन धान्य निवडायला बसणारी बाई मात्र त्यांत फरक करते. तिला ठाऊक असते, की एक हात लावताच पाय आखडून मेल्यासारखा पडतो आणि काळ्या दाण्यासारखा दिसू लागतो. दुसरा हात लावताच पळत सुटतो. पुस्तकात मी हा फरक नंतर वाचला.

आता दोघांचे राहणे-खाणे पाहू. टोक्याची मादी अख्खा, निरोगी दाणा निवडते. सोंडेने त्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते, आणि वरून चिकट द्रवाने ते भोक बुजवते. बूच इतके सफाईदार बसते, की नुसत्या डोळ्यांना दाणा संपूर्ण निर्दोष दिसतो. अंड्यातून निघालेल्या अळीला पाय नसतात. पायांचे तिला कामच काय? ती जन्मते अन्नात, वाढते अन्नात, कोशात जाते तीही त्याच दाण्यात. उबदार दिवसांत साधारण महिन्याभराने नवा टोका दाण्याला वेडेवाकडे भोक पाडून बाहेर येतो, तेव्हा आपणांस प्रथम कळते की आत कोणी होते. तोवर दाण्याचे राहिलेले असते फक्त टरफल. गव्हाच्या एका दाण्यात बहुधा एकच अळी तग धरते. एक मादी तिच्या आयुष्यात तीनशेच्या घरात अंडी घालते. तेवढे दाणे गेलेच म्हणायचे. त्याला उडताही येते, आणि गोदाम शेताच्या जवळ असेल तर तो उभ्या पिकाच्या पक्व कणसापर्यंतही पोहोचतो. म्हणजे धान्य गोदामात येते तेव्हाच कधी कधी तो आत असतो.

या टोक्याच्या पोटातली एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. नुसत्या पिष्टमय दाण्यावर जगून अंगावर एवढे टणक कवच कसे येते? त्याच्या शरीरात सोडॅलिस जातीचे जिवाणू वस्तीला असतात. दाण्यात जी पोषक द्रव्ये अपुरी असतात ती हे जिवाणू तयार करून देतात, आणि त्यांतूनच कवच बांधले जाते. कवच पुरे झाले, की टोका आतड्यातल्या आपल्या या कामकऱ्यांना नाहीसे करून टाकतो. नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, ग्रॅच्युइटी नाही. आमच्या एका सभासदाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमचा मुकादम यांच्यातच शिकला की काय!"

तांबड्याचा संसार अगदी उलट आहे. त्याची मादी पिठातच सुटी अंडी टाकते. ती चिकट असतात, त्यांना पीठ लागते आणि ती पिठात मिसळून जातात. याच्या अळीला सहा पाय आहेत, कारण तिला अन्नातून हिंडायचे असते. अळीही तेच खाते, मोठा भुंगेराही तेच खातो. टोका काही महिने जगतो. हा वर्षभर आणि त्याहूनही अधिक जगतो. टोक्याला दाण्यात थोडी ओल लागते, दाणा कडकडीत वाळला की त्याची वीण थांबते. तांबडा मात्र चांगल्या कोरड्या पिठातही निभावून नेतो. गर्दी वाढली की त्याच्या अंगातल्या ग्रंथींतून क्विनोन नावाचे उग्र द्रव्य सुटते. पिठाला तो विशिष्ट घाण वास येतो तो त्याचाच. पीठ गुलाबी-करडे दिसू लागते आणि त्याची कणीक नीट तिंबली जात नाही. गर्दी फारच झाली तर ही मंडळी आपल्याच जातीची अंडी आणि कोश खातात.

शिकागो विद्यापीठातील टॉमस पार्क यांनी या किड्याला त्याच्या एका चुलत जातीबरोबर पिठाच्या छोट्या कुप्यांत वर्षानुवर्षे ठेवून कोण टिकते ते पाहिले आणि १९४८ पासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्ण व दमट हवेत तांबडा जिंके, थंड व कोरड्या हवेत दुसरा. या प्रयोगांवरून माणसांतल्या स्पर्धेला निसर्गाचा दाखला देणारे लेखही माझ्या वाचनात आले आहेत. मला ते लेख पटले नाहीत. कुपीत पीठ किती घालायचे ते तिसराच कोणी ठरवत होता, ही गोष्ट ते लेखक विसरतात. असो. पुढे २००८ साली याच तांबड्याचा सगळा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. भुंगेऱ्यांच्या कुळात हा मान त्याला पहिला मिळाला.

पण एक गोष्ट तांबड्याला जमत नाही, आणि आजचा माझा विषय त्या गोष्टीवर उभा आहे. अख्खा निरोगी दाणा त्याला फोडता येत नाही. त्याच्या जबड्यांना ते साधत नाही. त्याला लागतो तुकडा, कणी, भुसा, पीठ, किंवा कोणीतरी आधीच उघडलेला दाणा. म्हणून कीटकशास्त्रज्ञ टोक्याला प्राथमिक कीड म्हणतात आणि तांबड्याला दुय्यम. टोका दाणा पोखरून त्याचा भुगा बाहेर टाकतो. त्या भुग्यावर तांबडा येतो. पुढे दोघांच्या श्वासोच्छ्वासाने धान्य तापते, ओल सुटते, ती थप्पीच्या वरच्या थरात जाऊन बसते आणि तिथे बुरशी धरते. आमचा हमाल पाठीवर पोते घेतल्याबरोबर सांगतो, "हे गरम आहे." तपमापक आणायची गरज पडत नाही.

हे ज्ञान पुस्तकात राहिले असते तर मी आज येथे उभा नसतो. २००४ च्या उन्हाळ्यात एका गोदामातून गव्हाच्या थप्प्या बाहेर निघाल्या आणि वजनात तूट आली. गोदामाचे नाव सांगण्याचे कारण नाही. गहू पावसाळ्यात आत आला होता, म्हणजे हवेतली ओल अंगात घेऊन. निघाला वैशाखात, म्हणजे वाळून. काही तूट त्यातच होती. पण उरलेल्या तुटीसाठी एका टोळीतल्या सगळ्या हमालांच्या मजुरीतून कपात करण्याची नोटीस लागली. चोरीचा शब्द नोटिशीत नव्हता. तो बाहेर पानाच्या टपरीवर होता. त्या टोळीतल्या माणसांच्या मुलांना शाळेत तो ऐकावा लागला.

चौकशीत मी म्हणालो, गव्हाला कीड लागली आहे. चौकशी अधिकारी वाचणारा माणूस होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याने नमुना मागवला. त्यात तांबडे भुंगेरे वळवळत होते. तो म्हणाला, "हे पिठातले किडे आहेत. अख्खा गहू यांना खाता येत नाही, असे शास्त्रच सांगते. मग गहू गेला कुठे?" आणि त्याने पुस्तक माझ्यापुढे सरकवले. पुस्तकातले वाक्य बरोबर होते.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. शेतकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसलो; तिथल्या एका प्राध्यापकांनी मला खुर्ची दिली, पुस्तके दिली आणि चहाही दिला. तेथे मला कळले, की अधिकाऱ्याने अर्धेच वाक्य वाचले होते. अख्ख्या गव्हाच्या थप्पीत तांबडा एवढ्या संख्येने जगत असेल, तर त्याच्यासाठी कोणीतरी दाणे उघडलेले असलेच पाहिजेत. एक तर माल आला तेव्हाच त्यात तुकडा व कणी फार होती, नाही तर टोका आत होता.

खरी साक्ष मिळाली ती पालावाल्या बायांची. सांडलेले धान्य झाडून गोळा करणे हे त्यांचे काम. त्या कंत्राटदाराकडच्या, म्हणून चौकशीत त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांतली एक वयस्क बाई मला म्हणाली, "दादा, आधी दिवाळीच्या सुमारास थप्पीखाली पांढरा भुगा पडाया लागला. काळे टोके भिंतीवर चढायचे. तांबडं लई मागनं आलं." माल आला तेव्हाच कणी असती तर तांबडा आधी दिसता. क्रम बरोबर उलटा होता, आणि तो रोज झाडू मारणारीलाच ठाऊक होता.

मग आम्ही चौकशीत तीन गोष्टी मागितल्या. परखी, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार पोकळ नळी, ती केवळ कडेच्या पोत्यांत न घालता थप्पीच्या पोटातल्या पोत्यांतही घालावी. दाणे पाण्यात टाकून तरंगणारे वेगळे करावेत आणि ब्लेडने चिरून पाहावेत. आणि काही दाणे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ल फुक्सिन या रंगात बुडवावेत. टोक्याने अंड्यावर बसवलेले बूच त्या रंगात गडद लाल होते आणि निर्दोष दिसणारा दाणा आपली कथा सांगू लागतो. चिरलेल्या दाण्यांत पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या निघाल्या. अधिकाऱ्याने त्या स्वतः भिंगातून पाहिल्या. कपात मागे घेतली गेली. तुटीचे कारण मात्र कागदावर 'नैसर्गिक घट' एवढेच लिहिले, आणि बायांची साक्ष इतिवृत्तात आली नाही. ती यावी म्हणून मी दोन अर्ज केले. त्यांची पोच तेवढी माझ्याकडे आहे.

आता उपायांकडे येतो, कारण येथेही दोघांतला फरक ओळखला नाही तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. पोत्यांवर बाहेरून औषध फवारले तर पृष्ठभागावर हिंडणारा किडा मरतो. दाण्याच्या आत बूच लावून बसलेल्या अळीला त्याची झळही लागत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो वायू. म्हणून थप्पीवर जाड आच्छादन घालून, कडा वाळूच्या नळ्यांनी दाबून, आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलीने गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम. हा वायू दाण्याच्या आत शिरतो, किड्याला मारतो, आणि माणसालाही मारतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, एवढेच.

आच्छादन फाटके असले, किंवा ट्रक दारात उभा आहे म्हणून ते दोन दिवस आधी काढले, तर काय होते? मोठे किडे मरतात, अंडी आणि कोश बऱ्याच अंशी वाचतात, कारण त्या अवस्थांना वायू सोसवतो. वाचलेल्यांची प्रजा आणखी चिवट निघते. जागतिक अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ मध्ये देशोदेशीचे नमुने तपासले, तेव्हाच फॉस्फिनला दाद न देणारे किडे आढळले होते, आणि तांबडा त्यांत होता. मग गोळ्या वाढवतात. आणि त्या अर्धवट उतरलेल्या वायूत पहिला पाय कोण टाकतो? थापीवाला. वास आला नाही म्हणजे वायू गेला, असे त्याला सांगितले जाते. हे खोटे आहे. फॉस्फिनचा लसणीसारखा वास दर वेळी येतोच असे नाही. वायू मोजायचे यंत्र असते, ते लावावे लागते. आमच्या मागणीपत्रांत हे यंत्र वर्षानुवर्षे असते. वाटाघाटीत पैशाची कलमे वर सरकतात आणि हे कलम खाली जाते. समोरच्या बाजूने जाते तसे कधी आमच्या बाजूनेही जाते, कारण पाच रुपये वाढ हातात दिसते, वायू दिसत नाही.

वायू निघून गेला की त्याचा परिणामही संपतो. दुसऱ्या दिवसापासून धान्य पुन्हा मोकळे. तेव्हा तांबडा कोठून येतो? कोपऱ्यात गोळा करून ठेवलेल्या झाडणातून, रिकाम्या पोत्यांच्या शिवणींतून, फळ्यांच्या फटींतून. तांबड्यावरचे खरे औषध झाडू हे आहे. झाडण त्याच दिवशी बाहेर काढले, रिकामे बारदान धान्यापासून दूर ठेवले, तर त्याचे निम्मे बळ जाते. टोक्यावर झाडूचा उपयोग बेताचाच. त्याला हवे कोरडे धान्य आणि हवाबंद जागा. ज्या गोदामात झाडणाऱ्या बायांची संख्या कमी करून गोळ्यांचा खर्च वाढवतात, तेथे हिशेबनिसाला दोन किड्यांतला फरक माहीत नाही असे खुशाल समजावे.

आपल्या जुन्या माणसांना हे पुष्कळसे ठाऊक होते. उन्हात कडकडीत वाळवलेला गहू, त्याला चोळलेले एरंडेल, कणगीत घातलेले बिब्बे आणि कडुलिंबाचा पाला. यांतल्या एरंडेलाचे काम मला नीट समजते: तेलाच्या थराने अंड्यांचा श्वास कोंडतो. बिब्ब्याबद्दल मी पैजेवर बोलणार नाही. उन्हाचेही एक आहे. ताटात पसरलेल्या तांदळातून टोके पळून जातात आणि आपणांस वाटते, तांदूळ स्वच्छ झाला. आतली अळी जागेवरच असते. दाणा पन्नास अंशांच्या वर तापला तर ती फार काळ तग धरत नाही, म्हणून मे महिन्याचे ऊन आणि काळ्या कापडावर पातळ पसरलेले धान्य, हे खरे वाळवण.

देशावर पेवे असत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. धान्याचीही पेवे ठिकठिकाणी होती. जमिनीत खोदलेल्या त्या बंद पोकळीत धान्य आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, कर्बवायू वाढतो आणि किडे गुदमरतात, टोका दाण्याच्या आत असला तरी. मात्र पेव उघडले की तेच माणसालाही लागू. म्हणून जाणती माणसे ते काही वेळ मोकळे ठेवीत, दिवा दोरीने आत सोडीत, आणि दिवा विझला तर कोणी उतरत नसे. दिवा दोरीला बांधायला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

मी बरोबर दोन बाटल्या आणल्या आहेत. एकीत टोके घातलेला गहू आहे, दुसरीत तांबड्यांचा रवा. शेजारी भिंग ठेवले आहे, आणि एका बशीत चिरलेले दाणेही. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. तांबड्यांच्या बाटलीचे झाकण मात्र कोणी उघडू नये. सभागृहाच्या स्वयंपाकघरात उद्याच्या अल्पोपाहाराचा रवा येऊन पडला आहे, असे चिटणिसांनी मला बजावून सांगितले आहे.